आमच्यात पेला नाही

भुसावळात भाड्याचं घर शोधायला निघालेल्या माणसाजवळ दोन गोष्टी हव्यात: उन्हासाठी डोक्याला गुंडाळायला उपरणं आणि घरमालकासाठी आडनाव. माझ्याकडे दोन्ही होतं. आडनाव तर असं, की ऐकल्याबरोबर घरमालकिणी पंखा सुरू करायच्या. "जैन का? बरं झालं बाई. म्हणजे अंडंसुद्धा यायचं नाही घरात." अशी चार घरं मला सहज मिळत होती. एकाला खिडकी नव्हती, एकाला नळ नव्हता आणि उरलेल्या दोन घरांच्या मालकिणींना मी कधी लग्न करणार हे लेखी हवं होतं. मी धुळ्याहून नव्यानं कॉलेजात शिकवायला आले होते आणि लग्नाचं मला तोंडीसुद्धा सांगता येत नव्हतं.

पाचवं घर भाऊंचं.

हायवेवरून आत वळलं की दुसऱ्या गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. पुढे ऐसपैस ओटा, ओट्याला चार पायऱ्या आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले भाऊ. रेल्वेच्या लोको शेडमधून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण बसणं अजून ड्यूटीवर असल्यासारखंच. पांढरी बंडी, कडक मिशी. आतल्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती. मी ती पायरीवरूनच पाहिली, आणि मी पाहिली हे भाऊंनी पाहिलं.

"आडनाव?"

"जैन."

"गाव?"

"धुळे."

"त्याच्या आधी?"

"राजस्थान. पणजोबा आले तिकडून."

"हं." भाऊ विचारात पडले. आजवर मला आडनावावरून कुणी नाकारलं नव्हतं, त्यामुळे हा "हं" मला नवीन होता. "तुमच्या लोकांना जागा द्यायला माझी ना नाही. पण तुम्हालाच जड जाईल."

"मी कांदा-लसूणसुद्धा…"

"कांदा-लसूण तुमचा तुम्ही बघा. आमच्यात पेला नाही."

मला वाटलं, हे दारूबद्दल बोलताहेत. मी म्हटलं, "छे छे, आमच्यातही नाही." तेव्हा ते पहिल्यांदा हसले, आत गेले आणि तांब्याचा लखलखीत लोटा घेऊन आले. मला म्हणाले, "बसा."

मी खुर्चीकडे वळले.

"तिथं नाही. पायरीवर. खालच्या."

मी बसले.

"हात पुढं करा. दोन्ही. करंगळीला करंगळी लावा. फट ठेवू नका. आता तोंड हातांजवळ न्या." ते ओट्याच्या काठावर येऊन उभे राहिले. "लाईन क्लिअर?"

मी मान हलवली आणि दीड पुरुष उंचीवरून थंडगार पाण्याची धार माझ्या ओंजळीत, बाह्यांत, गळ्यात आणि थोडीशी तोंडातही आली. वाळ्याचा वास होता पाण्याला. भुसावळच्या मे महिन्यात तसलं पाणी मी कुठेच प्यायले नव्हते.

"फेल," भाऊ म्हणाले. "पण रडल्या नाहीत. वरची खोली तुमची."

तर अशी त्या घरची रीत होती. घरात पेला, गिलास, कप, वाटी, ज्याला ओठ लावून पाणी पिता येईल असं काहीही नव्हतं. येईल त्यानं खालच्या पायरीवर बसायचं, ओंजळ धरायची आणि भाऊंनी वरून ओतलेलं झेलायचं. कुणालाही सूट नाही. चहा हातात ओतता येत नाही, म्हणून पाहुण्याला चहा नव्हताच. भाऊ स्वतः चहा छोट्या लोटीतून, ओठ न लावता, नुसत्या धारेनं पीत आणि एक थेंब मिशीला लागू देत नसत. त्यांचं म्हणणं, घास चावावा आणि पाणी झेलावं, पेल्यानं काय, कुणीही पितो.

गॅसची टाकी आणणारा, मीटर वाचणारा, विम्याचा एजंट, सगळे ह्या परीक्षेतून गेलेले होते. पोस्टमन पहिल्या नंबरानं पास होता. तो आपली फेरी मुद्दाम उलटी फिरवून आमच्या गल्लीत शेवटी यायचा, सायकल उभी करायचा आणि न सांगता उकिडवा बसून हात पुढे करायचा. एकदा नगरपालिकेच्या निवडणुकीत एक उमेदवार मतं मागायला आला. कडक खळ दिलेला पांढरा कुडता, मागे पंधरा माणसं. भाऊ म्हणाले, "उन्हातून आलात, पाणी घ्या." उमेदवार म्हणाला, "हो हो, द्या ना." पाच मिनिटांनी तो पायरीवरून उठला तेव्हा कुडता अंगाला चिकटून आतल्या बनियनवरचं भोक दिसत होतं. तो गेल्यावर भाऊंनी मला विचारलं, "मॅडम, ह्याचं चिन्ह काय होतं हो? नळ का?"

आमच्या कॉलेजात लोकसंस्कृतीवर प्रबंध लिहिणारे एक सर होते. मी त्यांना हौसेनं घेऊन आले. ते प्यायले, भिजले आणि गहिवरले. "काय सुंदर जलदानाची परंपरा! किती प्राचीन असेल!"

"लई प्राचीन नाही, सर," भाऊ म्हणाले. "मी ह्याच डोळ्यांनी पाहिलेली आहे."

सरांनी तेही लिहून घेतलं.

खरं सांगायचं तर रीत काय आहे ते मलाही बरेच दिवस नीट उमगलं नव्हतं. ते मला सांगितलं अक्कांनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, आणि तेही माझ्या खोलीत, माझ्याच स्टीलच्या पेल्यातून पाणी पिता पिता. दुपारी भाऊंचा डोळा लागला की अक्का जिना चढून वर यायच्या, माझ्या पलंगावर ऐसपैस बसायच्या आणि म्हणायच्या, "बाई, तो पेला दे बरं. मन्हा जीव गया ह्या झेलाझेलीमा." मग डोळे मिटून घोट घोट पाणी प्यायच्या. लग्न झाल्यापासून त्यांनी पेल्यासाठी शेजारणी धरल्या होत्या. मी भाडेकरू म्हणून आल्यापासून त्यांचा जिना तेवढा वाढला होता.

भाऊंचं गाव धरणगावकडलं. त्यांची वस्ती गावाबाहेर आणि गावाच्या विहिरीला त्यांनी हात लावायचा नाही. प्यायचं पाणी मिळायचं ते एका शेतकऱ्याच्या मळ्यातल्या विहिरीवर. तिथेही पोहरा शिवायचा नाही. खाली बसायचं, ओंजळ धरायची, वरून कुणीतरी ओतायचं. त्या मळ्यातला मुलगा भाऊंच्याच वयाचा. दोघं दिवसभर बरोबर. एकाच बोरीवर दगड मारायचे, एकाच ओढ्यात डुंबायचे. तहान लागली की मात्र एक वर उभा राहायचा आणि एक खाली बसायचा. वरचा पोहरा मुद्दाम उंच उंच न्यायचा. पाणी नाकात जायचं, भाऊंना ठसका लागायचा, आणि वरचा हसून हसून लोळायचा.

"ह्या बोंबलेत, नाना, खाले धर ना रे! खाले धर!" अक्का म्हणाल्या. "नि तो आखो वर धरे."

वरचा तो नाना.

आता गंमत अशी, की हा नाना भाऊंचा जिवाभावाचा मित्र होता. रोज संध्याकाळी ओट्यावर भाऊंचा मोबाईल वाजायचा. कानाला कमी ऐकू येत असल्यामुळे तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा लावलेला असायचा. माझ्याशी भाऊ शाळेतलं मराठी बोलत. अहिराणी राखून ठेवलेली होती दोन प्रसंगांसाठी, एक राग आणि दुसरा नाना.

"काय करी ऱ्हायना रे?"

"बठ्ठं काम व्हयनं. बशेल शे. तू?"

"मी बी बशेल शे."

एवढं बोलणं अर्धा तास चालायचं. मळ्यातली भरताची वांगी एसटीनं भुसावळला यायची, इथून केळ्यांचा घड तिकडे जायचा. पोरांची लग्नं, ऑपरेशनं, सगळं एकमेकांच्या सल्ल्यानं. आणि प्रत्येक फोन संपायचा तो एकाच वाक्यावर. भाऊ म्हणायचे, "पानी पेवाले कधी येस?" आणि नाना म्हणायचा, "देखू."

म्हणजे नाना येत नसे असं नाही. दर वैशाखात मुलीकडे फैजपूरला जाताना तो भुसावळला उतरायचा आणि थेट भाऊंच्या ओट्यावर. पण काखेत पाण्याची बाटली. मी हा सामना दोन वर्षं डोळ्यांनी पाहिला आहे. नाना खुर्चीवर बसायचा, बाटली मांडीवर. भाऊ लोटा घासून, भरून, जवळ ठेवायचे. मग अक्का शेवभाजी आणायच्या. भाऊंच्या खास सूचनेवरून तीत तिखट दुप्पट. नाना त्यांच्या घरची भाकरी मोडून, त्यांच्या ताटात, बोटं चाटून जेवायचा. त्यात काहीच अडत नव्हतं. अडत होतं ते फक्त पायरीपाशी. जेवताना त्याच्या डोळ्यांतून, नाकातून धारा लागायच्या. तो बाटलीतून एक घोट घ्यायचा. भाऊ म्हणायचे, "घे ना आखो भाजी." तो घ्यायचा. बाटलीतलं पाणी खाली खाली जायचं आणि आम्ही सगळे, अगदी समोरच्या घरातली माणसंसुद्धा, श्वास रोखून त्या बाटलीकडे बघायचो. बाटली संपली की नाना उठायचा.

"मन्हा टाईम व्हयना, भो."

"पानी?"

"देखू पुढला साल."

आणि तो गल्लीच्या तोंडाशी जाऊन उसाच्या रसाचे दोन गिलास एका दमात रिचवायचा. ओट्यावरून स्पष्ट दिसायचं. "देखा, देखा," भाऊ म्हणायचे. "आठे मराले टेकना व्हता. पन बसना का? नही बसना."

मी एकदा त्यांना म्हटलं, "भाऊ, एवढी दोस्ती आहे. सोडून द्या की. लहान होते तेव्हा ते."

भाऊंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग शाळेतल्या मराठीत म्हणाले, "मॅडम, मला त्याच्याकडून माफी नको, काही नको. त्यानं एकदा खाली बसावं आणि मी वरून ओतावं. पाणी त्याच्या नाकात जावं. बस. मग मी सुखानं मरेन."

ह्या माणसाचं अख्खं आयुष्य एका ठसक्यासाठी थांबलेलं होतं. भरलेल्या घराला पेला नव्हता तो त्यासाठी. आम्ही सगळे जे भिजत होतो, एजंट, उमेदवार, प्राध्यापक, ती नुसती तालीम होती.

आता माझ्या आईचा किस्सा सांगितलाच पाहिजे. आई धुळ्याहून मला भेटायला आली ती नेहमीप्रमाणे घरचं उकळलेलं पाणी डब्यात भरून. परक्याच्या घरचं पाणी ती पीत नाही. उष्टं पात्र हा तिच्या आयुष्यातला सर्वात मोठा शत्रू आहे. आमच्या दुकानापुढे आजोबांनी पाणपोई लावली होती, तिथला साखळीला बांधलेला पेला बघितला की ती आजही पदर नाकाला लावते. मी मनातून घाबरलेली होते. भाऊ ओट्यावरून म्हणाले, "बसा, पाणी घ्या."

आईनं लोटा बघितला, पायरी बघितली, मला ओतलेलं बघितलं. आणि तिचा चेहरा उजळला. ती पदर खोचून बसली, ओंजळ धरली आणि एक थेंब न सांडता अख्खा लोटा प्यायली. उठून म्हणाली, "वा! कुणाचा ओठ नाही, कुणाचं उष्टं नाही. भाऊसाहेब, इतकं शुद्ध घर मी अख्ख्या धुळ्यात बघितलं नाही."

भाऊंच्या हातातला लोटा तसाच राहिला.

"तुम्ही कोण लोक?" आईनं कौतुकानं विचारलं.

भाऊंनी सांगितलं. सरळ, पूर्ण, एकेक अक्षर सुटं करून. वर म्हणाले, "आतल्या माठातलं पाणी आहे. मीच भरलेलं."

मी जिन्याचा कठडा धरला. पाणी तर पोटात गेलं होतं. तिनं एकदा पोटावर हात फिरवला, एकदा माठाकडे बघितलं.

"गाळून घेता ना?"

"दोनदा. दुहेरी फडक्यातून."

"मग झालं," आई म्हणाली. आणि पुढच्या खेपेपासून तिनं पाण्याचा डबा आणायचं सोडून दिलं. भाऊंसाठी खाखरे मात्र आणायला लागली. धुळ्याला घरी तिनं ह्यातलं अवाक्षर काढलं नाही, हेही सांगून टाकते.

आई वर गेल्यावर भाऊ, शाळेतलं मराठी विसरून, मला म्हणाले, "मॅडम, तुमनी माय पास का फेल, काही समजनं नही." त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं अक्का म्हणाल्या. रागानं नाही.

मग टाळेबंदी आली. कॉलेज बंद, एसटी बंद, भुसावळ जंक्शनात गाड्या उभ्या. मी वरच्या खोलीत अडकले. आणि जे कधी कुणाच्या स्वप्नात आलं नसतं ते झालं: सगळा देश भाऊंच्या रीतीवर आला. शिवू नका, लांब उभे राहा, कुणाच्या भांड्याला हात लावू नका, वरून टाका, वरून ओता. समोरच्या घरातले, ज्यांनी आजवर भाऊंना चक्रम ठरवलं होतं, ते दुधवाल्याकडून पातेल्यात वरून दूध घ्यायला लागले. आरोग्य खात्याची एक बाई घरोघर तपासणी करत आली. तिला पाणी दिलं, ती झेलून प्यायली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही आदर्श आहात." कुणीतरी ओट्याचा व्हिडिओ काढून मोबाईलवर फिरवला: आपले पूर्वज किती शहाणे होते बघा.

भाऊंनी संतापानं लोटा ओट्यावर आदळला. "मी शिवी दिधी," ते मला म्हणाले, "नि ह्या लोकस्नी तिनी आरती करी!"

तेव्हा हायवेवरून माणसं चालत जात होती. मुंबई-सुरतेकडून आलेली, विदर्भ-छत्तीसगडकडे निघालेली, डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं. भाऊंनी माठ उचलून गल्लीच्या तोंडाशी नेला. मी आणि अक्का पाणी गाळून पुरवायचो. भाऊ स्टुलावर उभे राहून ओतायचे. पहिल्या दिवशी मी बघितलं, ती माणसं आली, न सांगता उकिडवी बसली, हात जुळवले. करंगळीला करंगळी. फट नाही. एक थेंब सांडला नाही. भाऊंनी ओठांवर आलेलं "लाईन क्लिअर" गिळलं.

घरी आल्यावर ते म्हणाले, "ह्यास्ले शिकाडनं पडनं नही." दुसऱ्या दिवशी त्यांनी पोस्टमनकडून कुठूनतरी कागदी पेल्यांची गड्डी मागवली आणि हायवेवर तेच वाटले. ओट्यावरची रीत तशीच राहिली.

त्यानंतरच्या लाटेत गावाकडे नानाला कोरोना झाला. फार नाही, पण झाला. मुलानं त्याला मळ्यातल्या झोपडीत ठेवलं. सून लांबून ताट सरकवायची आणि पाण्याचं पात्र बाटू नये म्हणून, तिला बिचारीला जे सुचलं ते तिनं केलं. संध्याकाळी फोन आला.

"काय करी ऱ्हायना रे?" भाऊंनी विचारलं.

पलीकडून आधी नुसता खोकला. मग नानाचा बसलेला आवाज: "आज सूननी माले वरथीन पानी वतं."

भाऊ खुर्चीत सरळ झाले.

"नाकमा गयं का?"

"गयं."

मला वाटलं, आता भाऊ हसतील. अक्काही दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. भाऊ म्हणाले, "हात कशा धरस तू? अंगठा मजार घाल. कोपरं गुडघावर टेक. तोंड वर करू नको, हातमाच घाल. नि दम धरीसन पे."

"सूनना नेम बरा नही," नाना कुरकुरला.

"तुन्हा तरी कोठे बरा व्हता?"

मग नाना म्हणाला, "मन्हा नेम बराबर व्हता, भो. नाकवरच व्हता."

भाऊंनी फोन बंद केला नाही, नाना पण बोलला नाही. शेवटी भाऊ म्हणाले, "ठाऊक शे माले. डॉक्टरनी गोया ली का आज?" आणि नाना म्हणाला, "लिधी."

मग रोज शिकवणी सुरू झाली. मी उभ्या आयुष्यात फोनवरून पाणी प्यायला शिकवणारा दुसरा माणूस पाहिला नाही. भाऊ ओट्यावर स्वतः उकिडवे बसून, मोबाईल पायरीवर ठेवून, रिकामी ओंजळ धरून दाखवायचे, जणू नानाला ते दिसत होतं. "कुशीवर झुकू नको. आते पे. गयं का खाले? हां. पास."

नाना वाचला. पण अंगातली ताकद गेली आणि हातांना कंप सुटला. पुढच्या वैशाखात बसगाड्या पुन्हा धावत होत्या. मी कॉलेजातून परत येत होते, तर गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. मुलाचा आधार घेऊन नाना उतरला. निम्मा झाला होता. मी सवयीनं त्याच्या काखेकडे बघितलं. बाटली नव्हती.

भाऊ उठून उभे राहिले. नाना पायऱ्यांपाशी आला, खुर्चीकडे त्यानं बघितलंच नाही, मुलाला बाजूला केलं आणि गुडघ्यांवर हात टेकत टेकत खालच्या पायरीवर बसला.

"वत," तो म्हणाला.

भाऊ आत जाऊन लोटा घेऊन आले. ओट्याच्या काठावर उभे राहिले. समोरच्या घराच्या खिडकीत माणसं जमली. नानानं हात पुढे केले. अंगठा आत, कोपरं गुडघ्यांवर, शिकवलं होतं तस्सं. पण ओंजळ थरथरत होती. करंगळ्या एकमेकींना लागायच्या आणि सुटायच्या. भाऊंनी ओतायला सुरुवात केली. पाणी फटीतून खाली, पायरीवर, नानाच्या धोतरावर. तोंड हातांशी न्यायचा तोवर हातात काही उरत नव्हतं. भाऊंनी परत ओतलं. परत तेच. त्यांनी लोटा थोडा खाली आणला, आणखी खाली आणला. उपयोग होईना.

तेवढ्यात अक्का जिन्यावरून धावत खाली आल्या. हातात माझा स्टीलचा पेला. भाऊंनी पेल्याकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं. इतक्या वर्षांचं बिंग त्या एका नजरेत फुटलं. पण भाऊंनी उलट वाट करून दिली.

नानानं मान हलवली. "नको, वहिनी. पेला त घर बी शे. मी आठे पेलासाठी नही उनू."

भाऊंनी लोटा माझ्या हातात दिला, पायऱ्या उतरले आणि नानाच्या शेजारी, खालच्या पायरीवर, उकिडवे बसले. नानाच्या थरथरत्या ओंजळीखाली त्यांनी आपली ओंजळ धरली. चारही हात एकमेकांत घट्ट बसले. कंप थांबला.

"वता, मॅडम," ते म्हणाले.

मी त्या घरात नेहमी झेलत आले होते, ओतलं कधीच नव्हतं. ओट्याच्या काठावरून खालची ती दोन पांढरी डोकी मला फार लांब वाटली. "लाईन क्लिअर?" माझ्या तोंडून आपोआप गेलं. नाना हसला. मी लोटा कलता केला, हात हलला आणि धार थेट नानाच्या नाकावर गेली.

नानाला ठसका लागला. चांगलाच लागला. "नाकमा गयं… नाकमा…" तो खोकत, शिंकत, डोळे पुसत म्हणाला. मी भाऊंकडे बघितलं. हाच तो ठसका. हेच ते पाणी. मी त्यांच्या हसण्याची वाट बघत होते.

भाऊंनी वर बघितलं. इतकं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"खाले धरा ना, मॅडम!" ते ओरडले. "मानूस शे तो!"

मी पायऱ्या उतरले. लोटा खाली आणला, आणखी खाली, त्याचा काठ त्या बोटांना लागेपर्यंत, आणि मग ओतलं.